मागाच्या पायावरची रायफल

सोलापूरहून परतल्यावर दवाखान्यात आलेल्या पहिल्याच पेशंटनं विचारलं, "डॉक्टर, चादर आणलीत का?" दुसऱ्याला खात्री होती की मी अक्कलकोटला जाऊन आले असणार. मी चादरही आणली नव्हती आणि अक्कलकोटलाही गेले नव्हते. मी सोलापूरला कागदाला भोकं पाडायला गेले होते, आणि मग ती भोकं मोजायला. आता हे तोंड उघडून खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला समजावून सांगणं कठीण. त्याला उलटा प्रश्नही विचारता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी रत्नागिरीत दातांची डॉक्टर आहे, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. चाळिशीत लोक योगासनं धरतात, मी एअर रायफल धरली. दहा मीटरवर कागदी टारगेट, हातात हवेच्या दाबावर चालणारी रायफल आणि तिच्यात शिशाचा इवलासा छर्रा. माझ्या वयाच्या गटात मी चार माणसांत नाव घेण्याइतकी बरी मारत होते. गेल्या वर्षभरात मात्र गुण घसरले. चार छर्रे शहाण्यासारखे मध्यावर जायचे आणि पाचवा रुसून माहेरी निघाल्यासारखा भलतीकडेच. कोच म्हणाले, डोळे तपासा. माझा नवरा श्रीधर म्हणाला, "वय झालं आता." मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते की रायफल बिघडली आहे.

पोटातली भीती वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या वडिलांचा हात याच वयात कापायला लागला. आधी सही बिघडली, मग दाढी करताना गाल कापायला लागला. शिक्षक होते म्हणून निभावलं. दातांच्या डॉक्टरचा हात कापायला लागला तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप. एका सकाळी माझ्या हातातला कप बशीवर किणकिणला आणि त्या दिवसापासून मी चहा दोन्ही हातांनी धरून प्यायला लागले.

रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून चाप ओढला की नेमबाजाचा हात मधून बाजूला होतो. शिकंज्यातूनही छर्रे फाकले तर दोष रायफलीचा किंवा छर्र्यांचा. सगळे एकाच भोकातून गेले तर दोष माझा. असा शिकंजा पद्मानं सोलापुरात बनवून घेतला होता. पद्मा ही हॉस्टेलमधली माझी खोलीसोबती, पुढे सोलापूरच्या विणकर घरात पडली. घरातले माग विकून झाल्यावर त्या शेडमध्ये तिनं शूटिंग रेंज काढली. तिचा फोन आला, "ये की गं. शिकंजा तयार हाय. उद्घाटन तुझ्याच बंदुकीनं करू."

मी गेले. आणि खरं सांगायचं तर रायफल मोडकी निघू दे अशी प्रार्थना करत गेले.

सांगोल्याच्या अलीकडे

आम्हा कोकणातल्यांना एवढं आभाळ एकदम बघायची सवय नसते. आमच्याकडे मान वर केली की आधी माड, मग फांद्या, मग कुठे थोडं निळं. इथे मान वर करायचीच गरज नाही, आभाळ थेट बांधावर येऊन टेकलेलं. मधूनमधून डाळिंबाच्या बागा आणि रस्ता ओलांडताना गाडीला जराही भीक न घालणाऱ्या शेळ्या.

गाडी थांबली तिथे एक मावशी रस्त्याकडेला डाळिंबं घेऊन बसल्या होत्या. माझ्या खांद्यावरची लांबलचक पेटी बघून त्यांनी विचारलं, "बाई, भजनाला निगालासा व्हय?"

"नाही हो, बंदूक आहे. खेळातली," मी म्हटलं.

"आन् मारायचं काय तिनं?"

"कागद."

मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येवड्या लांब? तिकडं कागुद न्हाय का गावत?" असं म्हणून त्यांनी एक डाळिंब फोडून हातावर ठेवलं. दाणे गडद लाल आणि घट्ट. आमच्या बाजारात येतात ती फळं प्रवासात दमून गेलेली असतात, हे तिथे कळलं. मी एवढी डाळिंबं घेतली की पिशवी रायफलीपेक्षा जड झाली.

भवानी पेठ

पद्माचं घर पुढे आणि शेड मागे. शेडची मागची भिंत शेजारच्या रफिकभाईंच्या कारखान्याला लागून. तिथे टॉवेलचे माग दिवसभर खडखडत असतात. मी पहिला तासभर ओरडूनच बोलत होते. पद्मा मात्र नेहमीच्या आवाजात बोलत होती आणि तिचं मला ऐकू येत नव्हतं.

"तुला या आवाजाचं काही वाटत नाही?" मी विचारलं.

"कुठला आवाज?" ती म्हणाली, आणि ती चेष्टा करत नव्हती.

पद्माच्या सासूबाईंना सगळं घर अत्तम्मा म्हणतं. तेलुगूत सासूला तसंच म्हणतात; त्या रागावतात मात्र सोलापुरीत. त्यांनी चहा आणला. मी कप उचलण्याआधीच तो बशीवर किणकिणला. मी झटकन दोन्ही हातांनी कप धरला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी माघातल्यासारखा कप कवटाळून बसलेली.

"हिला थंडी वाजती का गं?" अत्तम्मांनी पद्माला विचारलं.

"रत्नागिरीची सवय," मी काहीतरी ठोकून दिलं. अत्तम्मांना पटलं नाही. त्या कपाकडे बघत राहिल्या.

जेवायला कडक भाकरी होती. पहिला घास मी हौसेनं मोडला आणि पेशंटना काय होत असेल याची कल्पना आली. ती पापडासारखी कुडकुडीत, महिनाभर टिकणारी. आमची तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की तासाभरात खाऊन टाकावी लागते. पद्मानं भाकरी चुरून, शेंगाची पातळ भाजी वर ओतून कसं खायचं ते दाखवलं. सोबत शेंगाची चटणी, दही आणि अत्तम्मांच्या हातचं चिंचेचं पुलुसु, म्हणजे आंबटतिखट रस्सा. आमच्याकडे आमसुलाशिवाय आंबट नाही. चिंचेचा तो ठसका डोळ्यांत पाणी आणून गेला तरी मी वाटी पुढे केलीच. भात मागायची लाज वाटली, पण अत्तम्मांनी न मागता वाढला. "कोकणातली हाय, भाताशिवाय झोप यायची न्हाय तिला," त्या म्हणाल्या. कपाच्या वेळचा संशय भातानं जरा निवळला असावा.

शिकंजा

मोठ्या बंदुकांच्या खेळात काही लोक आपल्या रायफलीला मानवेल अशी काडतुसं स्वतः भरतात. आमच्या खेळात ते नाही. छर्रा तयारच येतो, आपण फक्त निवडायचा. पण निवडायचा म्हणजे पाच-सहा बॅचचे डबे उघडायचे, एकेक छर्रा काट्यावर ठेवून वजनाचे ढीग करायचे, खालचा पोकळ घेर चेपलेला असेल तर बाजूला काढायचा. त्या घेराला नेमबाज स्कर्ट म्हणतात. सकाळी आम्ही दोघी ताटात छर्रे घेऊन बसलो. मी डोळ्याला दात बघायचं भिंग लावलेलं. अत्तम्मा दारातून डोकावल्या. "तांदूळ निवडताय का?" त्यांनी विचारलं. पद्मा म्हणाली, "व्हय, शिशाचे." त्या बसल्याच आमच्याबरोबर, आणि चेपलेले स्कर्ट हुडकण्यात त्यांचा हात आमच्यापेक्षा जलद चालला. मात्र चांगलेसुद्धा निम्मे त्यांनी वाईटात टाकले, कारण त्यांना ते "मळकट" वाटले. ते सगळे मला परत निवडावे लागले.

निवडताना एक गंमत दिसत होती. ताटात ओळीनं उभे केलेले छर्रे हळूहळू एका कडेला गोळा व्हायचे. ताट वाकडं असेल म्हणून मी खाली कागदाची घडी घातली. एवढंच केलं.

शिकंजा बघून मात्र मी पद्माची पाठ थोपटली. लेथवर करून घेतलेला, जाडजूड, काळा रंग दिलेला. आणि तो तिनं बसवला होता मागाच्या पायावर. मागाखाली घडीव दगड नि काँक्रीटचा जो खोल पाया असतो, तो शेडमध्ये तसाच राहिला होता. बाकीच्या जमिनीवर तिनं लाकडी फळ्या टाकून वर रबर अंथरलं होतं, नेमबाजांना उभं राहायला. शिकंज्याला मात्र तिनं घरातली सगळ्यात घट्ट जागा दिली. "सासऱ्यांच्या हातचा पाया हाय," ती म्हणाली. "हत्ती बांधला तरी हलायचा नाही."

रायफल आवळली. पाच छर्रे एकाच कागदावर मारले. कागद आणला, मोजायला व्हर्नियर लावला, आणि मला हसू फुटलं. भोकं चिंचोक्याएवढ्या जागेत फाकली होती. दुसरी बॅच, पुन्हा चिंचोका. माझा घरून आणलेला डबा, तोही तसाच. शिकंज्यातल्या चांगल्या रायफलीनं ज्वारीच्या दाण्याएवढं एकच भोक पाडायला हवं. पद्माचा चेहरा उतरत गेला आणि माझा फुलत गेला.

"रायफल कामातून गेली!" मी श्रीधरला फोनवर ओरडून सांगितलं.

"मग एवढी खूश का आहेस?" त्यानं विचारलं. मी माग फार वाजतायत, ऐकू येत नाही, असं म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी पद्मा शिकंज्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत होती. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पोरं येणार हायत गं, आपापल्या बंदुका घेऊन. सगळ्यांच्याच बंदुका अशा कशा बिघडतील? माझा शिकंजाच फसला असणार." मी तिला धीर दिला की शिकंजा उत्तम आहे, रायफलच वाईट. असं ठामपणे सांगताना मला फार बरं वाटत होतं. त्या रात्री मी शेंगाची भाजी दोनदा घेतली.

मंगळवार

मंगळवारी सकाळी दुरुस्तीसाठी गल्लीची लाईट जाते. हे मला ठाऊक नव्हतं आणि पद्माच्या लक्षात नव्हतं. नव्या रायफलीची किंमत विचारायला कुणाला फोन करावा याचा विचार करत मी उगाच शेवटचा एक कागद लावला होता. पहिला छर्रा सुटला आणि लाईट गेली.

भिंतीपलीकडचे माग एकामागून एक थांबले. गल्लीत एकदम पोकळी झाली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा ऐकू आली. "गई क्या?" रफिकभाई पलीकडून ओरडले. "गेली!" पद्मा इकडून.

आमच्या रायफलीला विजेची गरज नव्हती. पद्मानं शेडचं मोठं दार उघडलं, टारगेटवर ऊन आलं. "घे की नवा कागद, तोवर काय करणार?" ती म्हणाली. मी पाच छर्रे मारले. कागद आणायला ती गेली आणि तिथेच उभी राहिली.

"शुभा," ती तिथूनच म्हणाली, "चार छर्रे कुठं गेले?"

कुठेच गेले नव्हते. ज्वारीच्या दाण्याएवढं एकच भोक, कड किंचित ओबडधोबड. पाचही त्यातूनच गेले होते.

पद्मा माझ्याकडे बघत राहिली, मग शिकंज्याकडे, मग भिंतीकडे. तिनं कपाळावर हात मारला. "पाया! अगं पाया एकच हाय की! सासरे आणि रफिकभाईंचे अब्बा, दोघांनी मिळून घातलेला. भिंत नंतर बांधली." शेजारी माग चालले की ती थरथर पायातून सरळ शिकंज्यात येत होती. घरातली सगळ्यात घट्ट म्हणून निवडलेली जागाच सगळ्यात जास्त हलत होती. फळ्या आणि रबरावर उभ्या राहणाऱ्या नेमबाजांना तिचा कधी पत्ता लागला नाही. आणि पद्मा तर त्या थरथरीतच नांदली, तिला ती थरथर म्हणून ठाऊकच नव्हती.

ती नाचायचीच बाकी होती. शिकंजा वाचला होता. मी मात्र खाली बसले.

"काय झालं गं?"

"रायफल चांगली आहे," मी म्हटलं. मग मी तिला सगळं सांगितलं. वडिलांची सही, दाढी, बशीवर वाजणारा कप. "इथेसुद्धा वाजला, पहिल्याच दिवशी," मी म्हटलं.

पद्मानं ऐकून घेतलं. "इथं सगळ्यांचे वाजतात," ती म्हणाली. "पण तुझ्या घरचा कप मला म्हाईत नाही. मी खोटं कशाला बोलू? ऊठ, बघूया." तिनं शिकंजा सैल केला आणि रायफल माझ्या हातात दिली. "लाईट यायच्या आत."

मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "एवढ्या लांब आलीस ते कशाला?" तिचंही बरोबर होतं. शिकंजा सैल करायच्या आधी तिनं आणखी एक काम उरकून घेतलं होतं: शांततेत सगळ्या डब्यांतले छर्रे पुन्हा मारून पाहिले होते. एका बॅचचं भोक एकच. माझ्या घरच्या डब्याचे मात्र चार एका जागी आणि पाचवा बाजूला, ओळखीचा, रुसका. तो कागद हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत होते. वर्षभर तोच डबा वापरत होते मी. स्वस्तात मिळाले म्हणून एकाच बॅचचे डबे कपाट भरून घेऊन ठेवले होते. हातावर संशय घेतला, चापावर घेतला, डोळ्यांवर घेतला. डब्याकडे वळून बघितलं नाही.

तरीही हात उरलाच होता. मी फळीवर उभी राहिले, चांगल्या बॅचचा छर्रा भरला आणि श्वास सोडून थांबले. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा भरत असताना लाईट आली आणि भिंतीपलीकडे माग सुरू झाले, आधी एक, मग सगळे. मी पद्माकडे पाहिलं. तिनं हातानं खूण केली, मार. मी उरलेले तीनही मारले.

कागद आणला. शेंगदाण्याएवढ्या जागेत पाच भोकं. लाईट यायच्या आधीची कुठली आणि नंतरची कुठली, दोघींनाही सांगता येईना. पद्मानं आदल्या दिवशीचा शिकंज्याचा कागद शेजारी धरला, तो चिंचोका, माझ्या भोकांपेक्षा पसरट. माग चालू असताना लोखंडानं मारलेला एक आणि माग चालू असताना मी मारलेला एक.

"लोखंड हललं," ती म्हणाली. "तू नाही."

मी रडले. कारण सांगायची गरज नव्हती, पण अत्तम्मा धावत आल्या आणि त्यांना वाटलं छर्रा लागला. माझे दोन्ही हात उलटसुलट करून तपासल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

दुपारी रफिकभाई विचारपूस करायला आले. आपल्या मागांनी पाहुणीची बंदूक बिघडवली असं त्यांच्या कानावर गेलं होतं. "बाजी, मशीन बंद रखूं क्या दो घंटे, रोज?" ते पद्माला गंभीरपणे म्हणाले. तिला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. पद्मा म्हणाली, "काही बंद करायचं नाही. शिकंजाच हलवते मी, फळ्यांवर घेते, खाली रबर घालून." मग त्यांनी स्वतःच्या मागावरचा टॉवेल मला दिला, पांढरा, निळ्या काठाचा. सोलापूरची खूण म्हणून तेवढंच माझ्याबरोबर आलं, आणि चांगल्या बॅचचे डबे.

परत निघताना

निघायच्या सकाळी अत्तम्मांनी कडक भाकरींची चवड कापडात बांधून दिली आणि चहा पुढे केला. कप बशीवर किणकिणत होता. पलीकडे रफिकभाईंचे माग चालू होते. मी कप उचलला, सवयीनं दुसरा हात वर आला, तो मी मांडीवर ठेवला. अत्तम्मांनी बघितलं. भाकरींच्या चवडीत आणखी दोन घातल्या.

गाडीतून श्रीधरला फोन केला. सगळं सांगितलं. पाया, माग, लाईट, डबा. तो हं हं करत होता. "म्हणजे रायफल चांगली आणि कपाटातले सगळे डबे फुकट," तो म्हणाला.

"हो."

मग तो हळूच म्हणाला, "आणि हात?"

मी त्याला हाताबद्दल कधी एक अक्षर बोलले नव्हते. वर्षभर वय झालं, वय झालं म्हणून चिडवणारा हा माणूस समोर बसून माझे दोन हात बघत होता, आणि मी सांगेन म्हणून थांबला होता.

"हात चांगला आहे," मी म्हटलं.

"बरं. ये लवकर," तो म्हणाला, "आणि घरी आलीस की चहा एका हातानं पी बाई. माझ्यानं बघवत नव्हतं."